समाजमंदिराची किल्ली कुणाकडे?

आठ मार्च जवळ आला की नगरपालिकांच्या महिला व बालकल्याण विभागांना जाग येते. मांडव पडतो, रांगोळी आणि पाककलेच्या स्पर्धा होतात, कुणाला तरी 'आदर्श माता' ठरवले जाते, चार-दोन शिलाई मशीन वाटली जातात आणि मागे फलकावर वाटणाऱ्यांचे हात जोडलेले फोटो असतात. मार्चअखेर असतो. खर्ची न पडलेला निधी कसाही खर्ची टाकायचा असतो. वस्तीतल्या बाया येतात, टाळ्या वाजवतात, मशीन ज्यांच्या नशिबात नसते त्या वाण घेऊन घरी जातात. आणि हिशेबाच्या वहीत नोंद होते की स्त्रियांच्या विकासावर इतके लाख खर्च झाले.

मैत्रिणींनो, हा पैसा कुणाच्या खिशातला नाही. महाराष्ट्रात जिल्हा परिषदांनी आपल्या उत्पन्नाच्या १० टक्के आणि नगरपालिका-महापालिकांनी ५ टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी राखून ठेवावी असे सरकारचेच आदेश आहेत. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने शहरांच्या कारभारात आपल्याला एक तृतीयांश जागा मिळाल्या, १९९४ मध्ये राज्याचे महिला धोरण आले, २०११ मध्ये जागा निम्म्या झाल्या. म्हणजे पैसाही राखीव आणि खुर्चीही राखीव. मग वस्तीत दारूविरुद्ध, नळाच्या पाण्यासाठी, मारहाण झालेल्या शेजारणीसाठी रात्री-अपरात्री धावणाऱ्या बायकांच्या गटाला सतरंजी, वही आणि रिक्षाभाडेसुद्धा पदरचेच का घालावे लागते?

उत्तर साधे आहे. पालिकेला बाई दिसते ती 'लाभार्थी' म्हणून. संघटना म्हणून ती दिसत नाही. लाभार्थी एकटी असते, रांगेत उभी असते, उपकाराखाली असते. संघटना मात्र प्रश्न विचारते.

पुरुषांच्या बाबतीत पालिकेची नजर अशी अधू नसते. तरुण मंडळ म्हटले की ते लगेच दिसते. त्याच्यासाठी व्यायामशाळा बांधली जाते, कट्टा बांधला जातो, त्याच्या चौकाला नाव मिळते. मिरजेच्या गणेशोत्सवातल्या स्वागतकमानी सगळ्या जिल्ह्याला ठाऊक आहेत. वर्गणी, जाहिराती, पुढाऱ्यांच्या देणग्या यांतून मंडळे उभी राहतात आणि निवडणुकीत ती उपयोगी पडतात, हे सांगायला कुणी पंडित नको. उत्सवाला आमचा विरोध नाही, पण त्या मंडळाला कुणी कधी तीन वर्षांचा ऑडिट रिपोर्ट मागितला आहे काय? तो मागतात आपल्याला.

समाजमंदिराचेच बघा. आमदार-खासदार निधीतून, दलित वस्तीच्या निधीतून, पालिकेच्या निधीतून गल्लोगल्ली समाजमंदिरे झाली. कोणत्याही वस्तीत जाऊन विचारा, किल्ली कुणाकडे आहे? दहातल्या नऊ ठिकाणी ती एखाद्या 'भाऊं'कडे, नाहीतर 'दादां'कडे असते. तिथे कॅरम असतो, मंडळाचे सामान असते, रात्री आणखीही काही चालते. बायकांनी बैठकीसाठी मागितली तर 'दादा बाहेरगावी गेलेत' असे कळते. मग बैठक कुणाच्या तरी ओट्यावर, सासू कान देऊन असताना. मारहाणीची गोष्ट अशा ओट्यावर बोलता येते का? खोली, कुलूप, किल्ली, दोन तास. संघटनेला लागणारे पहिले अनुदान हेच असते, आणि यासाठी पालिकेला नवा एक रुपयाही घालावा लागत नाही. तरीही ते मिळत नाही, कारण किल्ली म्हणजे सत्ता असते हे दादांना आपल्या आधी कळलेले आहे.

हळदीकुंकवाबद्दलही एकदा स्पष्ट बोललेच पाहिजे. घरी कुणी काय करावे हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण 'महिला मेळावा' म्हणून सार्वजनिक पैशातून हळदीकुंकू होते तेव्हा मिरजेतल्या मुसलमान आणि ख्रिस्ती बायकांनी कुठे बसायचे? विधवेने, टाकलेल्या बाईने कुठे बसायचे? या निधीची सगळ्यात जास्त गरज ज्यांना आहे त्यांनाच दाराबाहेर ठेवणारा कार्यक्रम त्यांच्याच नावाच्या निधीतून होतो.

आता बचत गट. कुणी म्हणेल, बायकांच्या संघटनांना पैसा मिळतोच की! डिसेंबर १९९७ मध्ये सुवर्णजयंती शहरी रोजगार योजना आली. कागदावर तिची रचना फार सुंदर होती. गल्लीत बायकांचा शेजारगट, त्यावर शेजारसमिती, त्यावर समुदाय विकास संस्था, आणि वस्तीला काय हवे ते खालून वर ठरणार. प्रत्यक्षात काय उरले? कर्ज आणि अनुदान. दहा बायकांनी धंदा काढला तर खर्चाच्या निम्मे किंवा सव्वा लाख, यांतले जे कमी असेल ते. २०१३ पासून राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान आले, त्यात गटाला १०,००० रुपये फिरता निधी आणि वस्तीस्तर संघाला ५०,०००. आणि गट उभे करून देणाऱ्या संस्थेला प्रत्येक गटामागे १०,००० रुपयांपर्यंत. म्हणजे वर्षानुवर्षे बचत करणाऱ्या दहा-वीस बायकांची किंमत आणि त्यांना 'उभे' करणाऱ्याची किंमत सारखीच!

शिवाय या पैशाने काय करायचे तेही ठरलेले. पापड, मसाला, शिवणकाम, हप्ता. गटाने पाण्यासाठी मोर्चा काढला तर ते 'उपजीविके'त बसत नाही. रेशन दुकानदाराविरुद्ध तक्रार केली तर ते 'बँक जोडणी'त बसत नाही. केरळमध्ये १९९६ च्या लोकनियोजन मोहिमेत स्थानिक योजनेचा १० टक्के भाग स्त्रियांच्या नावाने ठरला, १९९८ मध्ये कुटुंबश्री उभी राहिली आणि तिचे शेजारगट पंचायतीच्या आराखड्याशी जोडले गेले. तिथेही तक्रारी आहेत, पक्षांचे राजकारण आहे. पण तिथल्या बाईला निदान आराखड्याच्या बैठकीचे बोलावणे येते. आपल्याकडे बचत गटाला बोलावणे येते ते मंत्री आल्यावर खुर्च्या भरायला.

आणि २०२४ मध्ये 'लाडकी बहीण' आली. बाईच्या स्वतःच्या खात्यात महिना १,५०० रुपये. ते कुणी घेऊ नयेत असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. ज्या घरात तेल कधी आणायचे हे नवरा ठरवतो तिथे स्वतःच्या खात्यातले दीड हजार म्हणजे काय हे आम्हाला कळते. पण बहीण एकेकटी लाडकी असते, दहा बहिणी एकत्र जमल्या की त्या नावडत्या होतात, हेही बघा.

आता अटींकडे येऊ. अनुदानाचा अर्ज घेऊन जा. नोंदणी हवी, १८६० च्या कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली. तीन वर्षांचे लेखापरीक्षण हवे. आधी स्वतःच्या पैशाने कार्यक्रम करा, मग बिले लावा, मग पैसे. ज्यांच्या घरात उद्याच्या भाजीची चिंता आहे त्या बायकांनी पालिकेला बिनव्याजी उधार द्यायचे! या अटींत बसते कोण? शहरातल्या पुढाऱ्याच्या सौभाग्यवतींची नोंदणीकृत संस्था. सांगलीच्या संजयनगरातल्या किंवा साताऱ्याच्या लक्ष्मी टेकडीवरच्या कचरा वेचणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या बायकांचा गट यात बसत नाही. अट सगळ्यांना सारखी आहे, म्हणून ती न्याय्य आहे, असे साहेब म्हणतात. उंबरठा कमरेइतका उंच बांधायचा आणि दार सगळ्यांना उघडे आहे म्हणायचे, तसे हे.

या पानांवरून पूर्वीपासून एक वाद चालत आला आहे. स्वायत्त संघटनांनी पैसा घ्यावाच का? पैसा आला की कार्यकर्ती नोकरदार होते, मोर्च्याऐवजी अहवाल लिहिले जातात, असे आपल्यातल्या अनेकजणी म्हणतात आणि त्यात तथ्य आहे. या वादाचे एक उत्तर सांगलीतच मिळते. १९९२ पासून गोकुळनगरमध्ये 'संग्राम' संस्थेने वेश्या व्यवसायातल्या बायकांबरोबर एड्सविरोधी काम सुरू केले. त्या बायकांनीच ते काम हाती घेतले आणि १९९६ मध्ये वेश्या अन्याय मुक्ती परिषद, म्हणजे 'व्हॅम्प', उभी राहिली. पुढे २००३ मध्ये अमेरिकेने कायदा केला, की आमचा पैसा हवा असेल तर वेश्या व्यवसायाविरुद्ध भूमिका जाहीर करा. ज्या बायकांची संघटना, त्यांच्याच विरुद्ध सही करायची! २००५ मध्ये 'संग्राम'ने तो पैसा नाकारला. त्याच वर्षी ब्राझीलच्या सरकारनेही या अटीमुळे सुमारे चार कोटी डॉलर नाकारले. व्यवसायाकडे बघण्याच्या दृष्टीबद्दल आपल्यात मतभेद आहेत आणि ते राहतील. पण पैसा कधी घ्यायचा नाही याबद्दल यापेक्षा स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

मात्र परदेशी देणगी आणि पालिकेचा पैसा यांत फरक आहे. देणगी नाकारता येते. पालिकेचा पैसा आपण घरपट्टीतून, पाणीपट्टीतून भरलेला असतो, भाड्याच्या खोलीत राहणारी बाईसुद्धा भाड्यातून तो भरते. तो नाकारला तर संपत नाही, तो व्यायामशाळेकडे जातो. इंदुताई पाटणकरांसारख्या कार्यकर्त्यांच्या नेतृत्वाखाली सांगली-सातारा भागात परित्यक्तांचा लढा उभा राहिला. त्या बायकांनी दया मागितली नाही, आपल्या नावाचे रेशनकार्ड आणि घराला जागा मागितली. आपणही मागायचे ते 'सहकार्य' नव्हे, आपल्या संघटनेच्या नावाची अंदाजपत्रकातली ओळ मागायची.

ती ओळ कशी असावी? आकडा धरून बोलू. समजा एखाद्या पालिकेचे स्वतःचे उत्पन्न १०० कोटी आहे. ५ टक्के म्हणजे ५ कोटी. त्यातले २ कोटी बाजूला काढले तर २०० वस्तीगटांना वर्षाला एकेक लाख देता येतील. एका लाखात महिन्याचे खोलीभाडे, एका अर्धवेळ कार्यकर्तीचे मानधन आणि कोर्ट-पोलिसांच्या फेऱ्यांचे भाडे कसेबसे निघते. उरलेल्या ३ कोटींत पाळणाघर, समुपदेशन केंद्र, स्वच्छतागृह बघावे. हा पैसा आगाऊ द्यावा, दोन हप्त्यांत. नोंदणी नसलेल्या गटाला वस्तीस्तर संघामार्फत द्यावा. हिशेब गटाने वस्तीच्या सभेत मोठ्याने वाचून दाखवावा आणि फळ्यावर लिहावा. चार्टर्ड अकाउंटंटच्या शिक्क्यापेक्षा शेजारणीची नजर कडक असते.

आणि वाटणी 'सगळ्या प्रभागांना सारखी' नको. नगरसेवकांना ही सारखी वाटणी फार आवडते, कारण तिच्यात भांडण नसते. पण विश्रामबाग आणि संजयनगर यांना सारखे देणे म्हणजे संजयनगरकडून काढून घेणे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णा ५७ फुटांवर गेली तेव्हा सगळ्यांत आधी पाण्यात गेले सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर. अशा पूरपट्ट्यात, झोपडपट्टीत, जिथे घरात नळ नाही तिथे जास्त पैसा गेला पाहिजे, आणि हे निकष आधी लिहून जाहीर झाले पाहिजेत. कोणत्या गटाला किती मिळाले याची यादी प्रभाग कार्यालयाच्या भिंतीवर लागली पाहिजे. २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्यानुसार अनुदानाची ही माहिती न मागताच जाहीर करणे पालिकेवर बंधनकारक आहे. एक अट मात्र आपण घालायची. पैसा घेतलेल्या गटाने पालिकेवर मोर्चा काढला म्हणून पुढचा हप्ता अडवता येणार नाही, हे ठरावात लिहून घ्यायचे. ते लिहून देणार नसतील तर तो पैसा नको.

'बायका पैसा खातील', असे यावर ऐकू येईल. काही खातीलही, आपण देवी नाही. पण रस्त्याच्या डांबरात किती गेले हे विचारायची सोय नसलेल्या सभागृहाने वस्तीगटाच्या एका लाखावर एवढे डोळे वटारावेत, याचे हसू येते.

कायद्यात फटी आहेत, त्यांत हात घालता येतो. महापालिका अधिनियमाच्या कलम २९-क प्रमाणे प्रभाग समितीवर सामाजिक संस्थांचे तीनपर्यंत प्रतिनिधी घेता येतात. सांगली-मिरज-कुपवाड ही १९९८ ची महापालिका, लोकसंख्या पाच लाखांवर, तिथे ही मागणी आजच करता येईल. त्या जागांवर पक्षाचे पडलेले उमेदवार बसवू नका, वस्तीतल्या बायका घ्या, असे लेखी द्या. २००९ मध्ये क्षेत्रसभेची तरतूद झाली, ती बहुतेक शहरांत कागदावरच राहिली. सातारा नगरपालिका तीन लाखांच्या खालची, तिला प्रभाग समितीची सक्ती नाही. पण महिला व बालकल्याणाची बैठक खुली ठेवायला कोणता कायदा आड येतो? पुण्यात २००६ पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामे मागवली जातात. त्यातही फुटपाथ आणि बाकडी मागणारे सुखवस्तूच जास्त पुढे येतात, म्हणून नुसता अर्जाचा नमुना छापून भागत नाही, वस्तीत जाऊन सभा घ्यावी लागते.

सांगलीत २०२३ मध्ये आणि साताऱ्यात त्याआधीच सभागृहांची मुदत संपली आणि मोठा काळ प्रशासकांनी कारभार केला. त्या काळात हा ५ टक्के निधी कशावर आणि कुणाच्या सहीने खर्च झाला, हा अर्ज प्रत्येक गटाने टाकावा. दहा रुपयांचा स्टॅम्प लागतो. दारिद्र्यरेषेखालील बाईच्या नावाने टाकला तर तोही लागत नाही. अंदाजपत्रक साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये ठरते, म्हणून डिसेंबरात वस्तीची बैठक आणि जानेवारीत लेखी मागणी. बैठक समाजमंदिरात घ्या. किल्ली मिळाली नाही तर दारासमोर सतरंजी टाकून घ्या, आणि किल्ली कुणाकडे होती ते इतिवृत्तात लिहा.