परत आलेला प्रबंध

१४ एप्रिल आणि मुंबई विद्यापीठाच्या उन्हाळी परीक्षा यांची गाठ बहुतेक दर वर्षी पडते. परळ-लालबागच्या वस्त्यांत एकीकडे मिरवणुकीची तयारी चाललेली असते आणि दुसरीकडे कानात बोटे घालून उद्याचा पेपर वाचणारी मुले. बाबासाहेब आंबेडकरांच्या जयंतीनिमित्त अनेक ग्रंथालयांत, महाविद्यालयांत सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रमही होतो. उपक्रम चांगलाच आहे. खटकते ते त्याच्या आडून मुलांना ऐकवले जाणारे वाक्य: ‘बाबासाहेबांनी कंदिलाखाली अभ्यास केला, तुला ट्यूबलाइट असून जमत नाही?’ ज्याच्या डोक्यावर आधीच दोन विषयांची केटी, म्हणजे नापास विषयांची पुन्हा द्यायची परीक्षा, आहे, त्याला या वाक्याने उभारी येत नाही. तो फक्त मान आणखी खाली घालतो.

या मुलाला बाबासाहेबांच्या चरित्रातले दुसरे एक पान दाखवायला हवे. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले होते. सामान घेऊन येणारे जहाज पाणतीराने बुडाले, त्यात पुस्तके गेली. सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले, नवल भथेना या पारशी मित्राकडून उसने घेतले, शाहू महाराजांची मदत मिळाली आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. रुपयाच्या प्रश्नावरचा डी.एस्सी.चा प्रबंध त्यांनी ऑक्टोबर १९२२ मध्ये लंडन विद्यापीठाला सादर केला. पुढच्या मार्चमध्ये निरोप आला की, परीक्षकांना प्रबंध आहे तसा मान्य नाही, तो नव्याने लिहून द्यावा.

तेव्हा त्यांचे वय ३१ होते. अंगावर कर्ज होते आणि परळच्या पोयबावडीतल्या बीआयटी चाळीत पत्नी रमाबाई संसार ओढत होत्या. एप्रिल १९२३ मध्ये बाबासाहेब मुंबईला परतले. त्याच चाळीत, दुसऱ्या मजल्यावरच्या ५० आणि ५१ क्रमांकाच्या खोल्यांत, त्यांचे बिऱ्हाड होते. वकिलीचा जम बसायचा होता. त्या धामधुमीत प्रबंध पुन्हा लिहून ऑगस्टमध्ये लंडनला रवाना झाला. धनंजय कीर यांच्या चरित्रानुसार मांडणी बदलली, निष्कर्ष मात्र बदलले नाहीत. नोव्हेंबरमध्ये पदवी मिळाली आणि वर्षाअखेरीस ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ छापूनही आले. प्रस्तावना त्यांचे मार्गदर्शक एडविन कॅनन यांची. आपल्याला शिष्याची अनेक मते पटत नाहीत, असे या गुरूने त्या प्रस्तावनेतच नोंदवून ठेवले आहे.

ही गोष्ट सहसा जिद्दीची म्हणून सांगितली जाते, आणि जिद्द होतीच. आम्हाला तिच्यातली दुसरीच बाब महत्त्वाची वाटते. प्रबंध परत आला तेव्हा पुढे काय करायचे, हेही त्यासोबत कळले होते. काय खटकले, कोणाशी बोलायचे, पुन्हा कुठे पाठवायचे, हे सगळे ठाऊक होते. मतभेद असूनही पाठीशी उभा राहणारा एक प्राध्यापक होता. नकार मोठा होता, पण त्याला दार होते. आज आपल्या मुलांना नापास होण्याची जी धास्ती वाटते, तिच्यात गुणांपेक्षा हे दार न दिसण्याचा भाग मोठा आहे.

हार्बर मार्गावरच्या रे रोड स्थानकातून बाहेर पडून समुद्राच्या बाजूला वळले की दारूखाना लागतो. पत्र्यांचे ढीग, गॅसकटरच्या ठिणग्या, भंगाराचे ट्रक आणि त्यापलीकडे लकडी बंदर, कौला बंदरच्या वस्त्या. परीक्षेच्या दिवसांत सकाळच्या गाडीला इथलीही मुले-मुली असतात. काखेत पॅड, पारदर्शक पाऊचमध्ये हॉल तिकीट आणि हातात ‘आयएमपी’ प्रश्नांची झेरॉक्स, जिच्यावर पिवळ्या हायलायटरने जवळजवळ प्रत्येक ओळ रंगवलेली. सगळेच महत्त्वाचे वाटू लागले की समजावे, पोर घाबरले आहे. यांतली बरीच मुले महाविद्यालयाची पायरी चढणारी घरातली पहिलीच. केटीचा फॉर्म कधी निघतो, किती विषय राहिले तरी पुढच्या वर्षाला जाता येते, उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत कशी मागवायची, पुनर्मूल्यांकनाची मुदत किती दिवसांची, हे त्यांना घरात सांगणारे कोणी नसते. प्राध्यापकाच्या मुलाला हेच जेवताना कळते. धास्तीही अशी वर्गवारीने वाटली जाते.

आणि धास्तीची चाल सगळीकडे एकच. पहिल्या चाचणीत गुण कमी पडले की मूल त्या विषयाच्या तासाला बसेनासे होते. मग हजेरी कमी, म्हणून सरांसमोर जायची लाज. लाजेपायी फॉर्म भरायचा राहतो. शेवटी पेपरच चुकवला जातो, कारण गैरहजर राहणे नापास होण्यापेक्षा बरे वाटते. बाहेरून याला आळस म्हणतात. अशा मुलाला ‘मोटिव्हेशन’चे व्हिडिओ पाठवून काही होत नाही. ते मूल असे व्हिडिओ आधीच पाहत असते, अभ्यास टाळण्यासाठीच. त्याला लागते ते फार लहान काही. आज फॉर्म भरायचा, उद्या गेल्या वर्षीची एकच प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवायची, परवा ती घेऊन सरांना भेटायचे. एक काम हातावेगळे झाले की दुसऱ्याची भीती थोडी उतरते. अंगात उत्साह संचारण्याची वाट पाहत बसले तर फॉर्मची तारीख निघून जाते.

म्हणून एक साधी सूचना. अठरा तासांच्या वाचन उपक्रमात एक टेबल केटीवाल्यांसाठी मांडा. तिथे एक लिपिक, एक प्राध्यापक आणि गेल्या वर्षी केटी सुटलेला एखादा दादा किंवा ताई बसवा. विद्यापीठानेही गुणपत्रिकेत नापासाचा शेरा देताना त्याच कागदावर पुढच्या परीक्षेचा महिना, फॉर्मची मुदत, शुल्क आणि महाविद्यालयात कोणाला भेटायचे ते छापावे. याला फार खर्च नाही.

आणि दार एकच असायलाही नको. रे रोड ज्यांच्या नावाचा, ते लॉर्ड रे १८८५ ते १८९० या काळात मुंबईचे गव्हर्नर होते, आणि त्या नात्याने विद्यापीठाचे कुलपतीही. तांत्रिक शिक्षणाचा त्यांनी आग्रह धरला आणि त्यांच्याच कारकिर्दीत, १८८७ मध्ये, आजच्या व्हीजेटीआयची स्थापना झाली. आधी भायखळ्याला असलेली ही संस्था १९२३ मध्ये माटुंग्याला गेली. पदवीच्या एकाच वाटेवर सगळ्यांनी गर्दी करू नये, हा विचार या शहरात इतका जुना आहे. नव्या शैक्षणिक धोरणात पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षानंतर प्रमाणपत्र अथवा पदविका घेऊन बाहेर पडण्याची आणि साठवलेल्या क्रेडिटवर परतण्याची सोय आहे. ती कागदावर राहिली नाही, तर शिक्षण मध्येच सुटलेल्या मुलाची वर्षे शून्यात जमा होणार नाहीत.

चुकण्याबद्दल विद्यापीठाने जरा नरमाईने बोलावे, याला आणखी एक कारण आहे. २०१७ मध्ये ऑनस्क्रीन मूल्यांकनाच्या घोळात निकाल रखडले. तेव्हाचे कुलपती विद्यासागर राव यांनी दिलेली ३१ जुलैची मुदत हुकली, मग पुढच्याही हुकत गेल्या आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर केले गेले. विद्यापीठालाच त्या वर्षी केटी लागली होती. त्याला पुन्हा बसायची संधी मिळाली.

विषय हसण्यावारी नेण्याचा मात्र नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यात १,७६४ विद्यार्थी महाराष्ट्रातले होते, सर्व राज्यांत सर्वाधिक. प्रत्येक मृत्यूमागे परीक्षाच असते असे नाही, आणि एका कारणावर बोट ठेवून मोकळे होणेही बरोबर नाही. पण ‘मी नसतो तर बरे झाले असते’ असे मूल बोलले, तर ते नाटक समजून सोडून देऊ नये. त्याला एकटे न ठेवता शांतपणे विचारावे, ऐकून घ्यावे आणि डॉक्टरांकडे न्यावे. केंद्राची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत आहे. घरच्यांनी निकालाच्या दिवशी शेजारच्या मुलाचे गुण न विचारणे, हीसुद्धा मोठी मदत आहे. चाळीत ते फार अवघड जाते, हे मान्य.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा, असे निर्देश दिले. पाटी लावणे सोपे आहे. सकाळी सातच्या वर्गाला बसून अकराला नोकरीवर पळणाऱ्या मुलीला तो समुपदेशक कोणत्या वेळी भेटतो, मराठी, हिंदी किंवा उर्दूत बोलतो का, आणि खोलीचे दार कर्मचाऱ्यांच्या रांगेसमोर उघडते की आडोशाला, हे प्राचार्यांनी या परीक्षांच्या काळातच स्वतः जाऊन पाहावे.