आजोबांची अकरा काडतुसं

वडिलोपार्जित इस्टेट म्हटलं की तुमच्या डोळ्यासमोर काय येतं? फ्लॅट, एफडी, गेलाबाजार आजीच्या पाटल्या. आमच्या वाट्याला या मे महिन्यात काय आलं, सांगू? बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, जुन्या पंच्यात गुंडाळलेली बाराबोअरची अकरा काडतुसं!

राजापूरजवळच्या आमच्या घराचा माळा आवरायला बाबा, आत्या, आतेभाऊ आणि मी गेलो होतो. आजोबांकडे शेतीसंरक्षणाचा परवाना होता. रानडुकरांमुळे कोकणात असे परवाने बऱ्याच घरांत असतात. 2006 मध्ये आजोबा गेले. बाबांनी बंदूक पोलीस ठाण्यात जमा केली आणि विषय संपला, असं सगळ्यांनाच वाटलं. काडतुसं मात्र आजीने कधीतरी माळ्यावर सरकवली होती. पोरांच्या हाती लागू नयेत म्हणून!

काही काडतुसं कागदी होती, दमट हवेने फुगलेली. पितळेवर हिरवा थर. पडवीत लगेच फॅमिली मीटिंग भरली. आत्या म्हणाली, "विहिरीत टाका." शेजारचे काका म्हणाले, "माझ्याकडे परवाना आहे, मला द्या." आतेभावाला एक हवं होतं, कीचेन करायला. कूल ना! आणि बाबा? "होतं तिथे ठेव परत. पोलीस विचारतील, एवढी वर्षं का ठेवलीत? काय सांगू?"

बाबांचा चेहरा बघून मला वाईट वाटलं. आयुष्यभर सिग्नल न तोडलेला माणूस हा. पण खरी गोची तीच होती. आर्म्स ॲक्ट 1959 नुसार बंदुकीसारखंच काडतूस बाळगायलाही परवाना लागतो आणि तो परवाना आजोबांबरोबर संपला. 'आम्हाला माहीत नव्हतं' हे शनिवारपर्यंत खरं होतं. डबा उघडला आणि तेही संपलं.

मी वकील मैत्रिणीला फोन लावला. तिने एकेक पर्याय निकालात काढला. विहिरीत टाकलं तर शिसं पाण्यात जाणार आणि गाळ काढताना कोणाच्या तरी हाती लागणार. जाळायचं तर नावच नको, उष्णतेने काडतूस फुटतं. काकांना देणं म्हणजे विनापरवाना हस्तांतर. शिवाय जुनं, ओल धरलेलं काडतूस अर्धवट उडून आतला बूच नळीतच अडकला, तर पुढच्या बाराला नळी फाटू शकते. आणि कीचेन? बॅगेत विसरलेल्या एका जिवंत काडतुसापायी विमानतळावर अडकलेल्यांच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतीलच.

"त्याच कायद्यात कलम 21 आहे," ती म्हणाली. "परवानाधारक गेला की वारसांनी विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायचं. उशीर झालाय, तर तसं लिहा. डबा घेऊन फिरू नका. आधी फोन करा."

बाबांनी स्वतःच्या हाताने अर्ज लिहिला. आजोबांचा परवाना क्रमांक, मृत्यूची तारीख, बंदूक जमा केल्याची पावती, काडतुसं कधी आणि कुठे सापडली, सगळं. सोबत मृत्यूच्या दाखल्याची झेरॉक्स. तीनदा खोडलं, चौथ्यांदा सही केली.

दुसऱ्या दिवशी दोन पोलीस आले. प्रश्न विचारलेच, अगदी बाबांना भीती होती तोच सुद्धा. बाबांनी सांगितलं, "आईने ठेवली होती, आम्हाला आत्ता सापडली." हवालदारांनी काडतुसं मोजली, पंचनामा केला, पोच दिली. आत्याने चहा टाकला. गाडी वळली तसे बाबा पायरीवर बसले आणि पहिल्यांदाच आजोबांच्या गोष्टी सांगायला लागले. डुकरांच्या मागे रात्रभर माचाणावर बसायचे आणि बंदुकीपेक्षा पत्र्याचा डबाच जास्त बडवायचे म्हणे!

मंडळी, आपली पिढी आता गावची घरं आवरायला निघाली आहे. माळ्यावर असं काही सापडलं, तर हात लावू नका, मुलांना लांब ठेवा आणि ठाण्यात फोन करा. आजीने पोरांच्या काळजीपोटी ठेवलेला डबा वीस वर्षांनी त्याच पोरांच्या गळ्यात आला होता. तो पुढच्या पिढीसाठी पुन्हा माळ्यावर ठेवायचा नाही, एवढंच आपल्या हातात असतं.

पोच आता सातबाराच्या फायलीत आहे. आतेभावाला कीचेन मी तुळशीबागेतून आणून देणार आहे.