जमीन मिळवली, राखायची कुणी?

मुंबईत नायगावच्या बीडीडी चाळींच्या जागी आता उंच इमारती येत आहेत. त्याच नायगावला लागून असलेल्या हिंदमाता परिसरात पाणी तुंबू नये म्हणून महापालिकेला परळ-दादरच्या मैदानांखाली साठवण टाक्या बांधाव्या लागल्या. या दोन गोष्टी एकत्र पाहायला हव्यात, कारण त्यांच्यामागे अडीचशे वर्षांचा इतिहास आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात विल्यम हॉर्नबी गव्हर्नर असताना महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधली खिंड बांध घालून बुजवण्यात आली. भरतीचे पाणी बेटांमधल्या सखल भागात शिरायचे थांबले. उघडी पडलेली खारी, दलदलीची जमीन लोकांनी सुधारावी, कसावी म्हणून ती अल्प साऱ्यावर दिली गेली. या ‘फोरास’ जमिनींच्या हक्कांचा निवाडा १८५१च्या कायद्याने झाला. समुद्र अडला, पण जमीन काही उंच झाली नाही. भरतीच्या वेळी पावसाच्या पाण्याला वाट उरत नाही, ही अडचण तेव्हाही होती आणि आजही आहे. पाण्याकडून घेतलेली जमीन एकदा मिळवून भागत नाही, ती दरवर्षी राखावी लागते. म्हणून जमिनीचा हक्क देतानाच राखणीची जबाबदारीही ठरवली पाहिजे.

हे शहाणपण कोकणातल्या खारभूमीने फार पूर्वीच अंगी बाणवले होते. खाडीकाठी मातीचा बांध घालायचा, पाण्याच्या बाजूने दगड रचायचे आणि बांधात उघाडी ठेवायची. ओहोटीला शेतातले पाणी बाहेर जाते, भरतीला झडप मिटते. मग काही पावसाळे जमिनीतला खार धुऊन काढतात आणि भात पिकू लागते. जुन्या कुलाबा जिल्ह्यात पदरचा पैसा घालून अशी जमीन उठवणाऱ्याला शिलोत्री म्हणत. बाहेरचा बांध दुरुस्त ठेवणे हे त्याचे काम होते आणि त्याबद्दल कसणाऱ्यांकडून त्याला धान्याचा वाटा मिळे. या व्यवस्थेत हक्क आणि कर्तव्य एकमेकांना बांधलेले होते. ती न्याय्य मात्र नव्हती. अलिबागच्या खारेपाटात कुळांनी राबायचे आणि पिकाचा मोठा वाटा खोताने न्यायचा, याविरुद्ध १९३३मध्ये चरी गावातून नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. पंचवीस गावांतला हा लढा १९३९पर्यंत चालला. राखणीचे ओझे एकावर आणि लाभ दुसऱ्याला, असे झाले की व्यवस्था टिकत नाही, हाही त्या संपाचा धडा आहे.

स्वातंत्र्यानंतर १९४८च्या आणि पुढे १९७९च्या खारभूमी कायद्यांनी बांधांची कामे सरकारी योजनांत आली. मोठे बांध एकेका गावाच्या ऐपतीबाहेरचे होते, त्यामुळे हे आवश्यकच होते. पण उधाणाने बांधाला खांड पडली, तर ती त्याच ओहोटीला बुजवावी लागते. अंदाजपत्रक, मंजुरी आणि निविदा यांची वाट पाहायला समुद्र थांबत नाही. दुरुस्ती रखडली की शेतात खारे पाणी कायमचे येऊ लागते, काही वर्षांत तिवरे उगवतात आणि त्यांना कायद्याचे संरक्षण असल्याने शेतकऱ्याला परत फिरता येत नाही. सात-बारा त्याच्या नावावर राहतो, शेत मात्र जाते.

खारभूमीत आता परवडत नाही, तिथे तिवरेच वाढू द्यावीत, असे काही जण म्हणतात. तिवरे हवीतच. बांधाच्या बाहेर ती लाटांचा मार सोसतात आणि बांधालाच जपतात. पण शेत सोडून द्यायचे असेल, तर तो निर्णय गावाने मोबदल्यासह आणि विचारपूर्वक घ्यावा, दुर्लक्षाने तो त्याच्यावर लादला जाऊ नये. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने क्षार सोसणाऱ्या भाताच्या जाती दिल्या आहेत, तेव्हा ही शेती संपलीच असे मानायला आधार नाही. दुसरा आक्षेप असा की अशी भर घातली नसती तर मुंबईच झाली नसती. खरे आहे, आणि म्हणूनच तिची किंमत दरवर्षी मोजण्याची तयारी मुंबईने ठेवली पाहिजे. मुलुंड, भांडुप आणि कांजूरमार्ग येथील २५५.९ एकर मिठागरे धारावी पुनर्विकासाच्या घरांसाठी देण्याचा निर्णय २०२४मध्ये झाला. गरिबांना घरे मिळालीच पाहिजेत. मात्र ज्या जागेत आज पावसाचे पाणी सामावते तिथे बांधकाम झाले, तर ते पाणी कुठे जाणार याचे उत्तर पहिली वीट ठेवण्याआधी मिळायला हवे.

यासाठी दोन गोष्टी करता येतील. प्रत्येक खारबांधासाठी कसणाऱ्यांची समिती असावी आणि खांड पडताच मंजुरीची वाट न पाहता खर्च करता येईल असा सरकारी निधी तिच्या हाती असावा. शहरात सखल भागातल्या प्रत्येक पुनर्विकास प्रकल्पावर, नायगावच्याही, आपल्या आवारातले पावसाचे पाणी थोपवून ठेवण्याची आणि ती सोय कायम चालू ठेवण्याची सक्ती असावी. हा भार नव्या घरांत जाणाऱ्या जुन्या भाडेकरूंवर टाकू नये. वाढीव बांधकामातून नफा घेणाऱ्याने तो उचलावा. जमिनीचा लाभ ज्याला, राखणीचा खर्चही त्यालाच, हा नियम खाडीकाठी लागू पडतो तसा नायगावातही लागू पडला पाहिजे.