भूकंपमापक सांभाळणारी माणसे
कोयना धरणाचा शिवाजीसागर जलाशय १९६२ मध्ये भरू लागला आणि कोयना खोऱ्यात धक्के सुरू झाले. ११ डिसेंबर १९६७ रोजी ६.३ क्षमतेचा भूकंप झाला. तिथली जमीन अजूनही शांत नाही, म्हणून भूकंपमापकांचे जाळे अखंड चालावे लागते. ते चालते माणसांमुळे. बॅटरी उतरते, सह्याद्रीच्या पावसात केबलमध्ये ओल शिरते, जीपीएसची वेळ चुकते. यातले शेवटचे सर्वांत घातक. बंद पडलेले यंत्र लगेच लक्षात येते, चुकीच्या वेळेची नोंद मात्र खरीच वाटते. भूकंपाची पहिली लहर खडकातून सेकंदाला सुमारे सहा किलोमीटर धावते; घड्याळ अर्धा सेकंद चुकले तरी केंद्र काही किलोमीटर सरकू शकते.

हल्ली संगणकच नोंदी वाचतो, मग यंत्रे सांभाळणाऱ्या माणसांना प्रशिक्षण कशाला, असे विचारले जाते. संगणक पहिला अंदाज झटकन देतो, हे खरेच. पण तो सदोष नोंदीवरही तितक्याच झटकन देतो. खाणीतला सुरुंग आणि छोटा भूकंप यांतला फरक अजूनही सरावलेल्या डोळ्याने तपासावा लागतो. खर्चाचा आक्षेपही मला पटत नाही. यंत्रखरेदीच्या निविदेतच प्रशिक्षणाची तरतूद हवी, आणि परिसरातल्या आयटीआय झालेल्या मुलांसाठी कायम पदे हवीत. कंत्राट संपले की शिकलेला माणूस जातो आणि नवा माणूस तोच बिघाड पुन्हा पहिल्यापासून शोधत बसतो.