सुट्टीवर नक्की कोण असतं?

गेल्या महिन्यातली गोष्ट. बायकोच्या प्रोजेक्टचं रिलीज नेमकं शनिवारी आलं. सकाळी सातला कॅब, परत यायला रात्रीचे आठ. मला सुट्टी. घरात कन्या वय वर्षं चार आणि चिरंजीव वय वर्षं पावणेदोन. पाळणाघर बंद, दोन्ही आज्या आपापल्या गावी. शुक्रवारी रात्री बायको म्हणाली, "जमेल ना रे? नाहीतर आईला बोलावून घेते."

"काहीतरीच काय! बारा तासांचा तर प्रश्न आहे. मी प्रॉडक्शन सपोर्टच्या नाइट शिफ्टा काढल्यात."

इथे ज्यांना मुलं आहेत त्यांच्या चेहऱ्यावर आलेलं हसू मला दिसतंय.

तर, शनिवार. सात वाजून पाच मिनिटांनी दोघंही एकदम उठले. कन्येला दात घासायला गुलाबी ब्रशच हवा होता आणि तो कमोडमध्ये होता. तो आधी पडला आणि मग तिला हवासा वाटला, की हवा म्हटल्यावर चिरंजीवांनी टाकला, हा क्रम अजून लागलेला नाही. पोहे केले. "आई असे नाही करत." मग कसे करते? "पिवळे करते." हळद राहिली होती. दुधाकडे पाठ केली तेवढ्यात ते उतू गेलं. कामाच्या मावशींचा फोन आला, "दादा, आज येत नाही हां." चिरंजीवांची चड्डी तीनदा बदलली. घड्याळात बघितलं, फक्त सव्वादहा!

तरी मी हरलो नव्हतो. वेळ काढून बेडरूम आवरायला घेतली. दाराच्या आतल्या आणि बाहेरच्या मुठीभोवती बायकोची एक जुनी ओढणी गुंडाळलेली होती. किती दिवस तिथे होती कुणास ठाऊक. सोडली, घडी केली, कपाटात ठेवली. खोली एकदम नीटनेटकी दिसायला लागली. मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटून घेतली.

दुपारी बिल्डिंगमध्ये कुणाचातरी वाढदिवस होता, म्हणून साडेअकराला बेडरूममध्ये कन्येच्या फ्रॉकला इस्त्री करत होतो. हॉलमध्ये मोबाईल वाजला. ऑफिस. "फक्त पाच मिनिटं, एकच शंका आहे." इस्त्री उभी ठेवली आणि हॉलमध्ये आलो. मागे दार धाडकन लागल्याचा आवाज आला. मग एक बारीकसा 'टक्'.

आमच्या बेडरूमच्या दाराला गोल मूठ आहे आणि आतल्या मुठीच्या मधोमध एक बटण. बटण दाबलं की दार बाहेरून उघडत नाही. आत चिरंजीव, आणि टेबलावर तापलेली इस्त्री.

सगळ्यात आधी धावत जाऊन मेन स्विच पाडला. (तेवढी इंजिनिअरिंगची पदवी कामाला आली.) पण वीज बंद केली म्हणून इस्त्री लगेच गार होत नाही, हे कळायला पदवी लागत नाही. किल्ल्यांच्या ड्रॉवरमध्ये किल्ल्याच किल्ल्या. कपाटाच्या, स्कूटरच्या, मागच्या भाड्याच्या घराच्यासुद्धा. एकेक लावून बघतोय, हात थरथरतोय. आतून आधी हसण्याचा आवाज, मग रडण्याचा, मग काहीच नाही. ते 'काहीच नाही' सगळ्यात वाईट होतं. कन्या शहाण्यासारखी शेजारच्या आजींना घेऊन आली. आजी दाराशी फतकल मारून बसल्या आणि फटीतून त्याच्याशी गप्पा मारायला लागल्या. चिऊ कुठे गेली, भूभू काय म्हणतो, तुझं बोट दाखव बघू खालून. दाराखालून एक चिमुकलं बोट बाहेर आलं. आजी म्हणाल्या, "हा आता इथून हलायचा नाही. तू शोध."

बायकोला फोन लावला. पहिल्यांदा उचलला नाही. दुसऱ्यांदा उचलला आणि माझं अर्धं वाक्य ऐकूनच म्हणाली, "देवघराच्या मागे खिळ्याला आहे. लाल दोरा बांधलाय."

होती. लाल दोरा बांधलेली. दार उघडलं. चिरंजीव काजळाची डबी उघडून फरशीवर चित्रकला करत होते. इस्त्री जागच्या जागी उभी. मी खाली बसलो तो पाच मिनिटं उठलोच नाही. ऑफिसचा फोन तोवर चालूच होता, हे नंतर लक्षात आलं.

रात्री बायको आली. रागावली नाही. एवढंच विचारलं, "ओढणी तू काढलीस?"

"अगं, ती नुसतीच लोंबकळत होती."

"नुसतीच नव्हती. ती असली की दार पूर्ण लागतच नाही." मग जरा थांबून म्हणाली, "हे तिसऱ्यांदा झालं. पहिल्यांदा झालं तेव्हा मी तुला फोन केला होता. तू म्हणालास, मीटिंगमध्ये आहे, नंतर बोलतो."

मला तो फोन आठवत नाही. 'नंतर बोललो' होतो का, तेही आठवत नाही.

आमच्या धंद्यात पहिल्याच वर्षी एक गोष्ट शिकवतात. जुन्या कोडमध्ये एखादी विचित्र ओळ दिसली, तर ती 'कशाला हवी' म्हणून उडवायची नाही. आधी ती का आहे ते शोधायचं, कारण कधीतरी रात्री दोन वाजता काहीतरी कोसळल्यावर कुणीतरी ती लिहिलेली असते. ऑफिसात हे मी नव्या पोरांना ऐकवतो. घरात मात्र खुशाल ओळ डिलीट केली आणि वर पाठ थोपटून घेतली.

आता मुद्द्यावर येतो. मी स्वतःला बऱ्यापैकी चांगला नवरा समजत होतो. भांडी घासतो, भाजी आणतो, मुलीला अंघोळ घालतो. 'मदत' करतो. पण सांगितलेलं काम करणं आणि घर डोक्यात असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. किल्ली कुठे आहे, लसीची तारीख कधी आहे, कुठल्या बिस्किटाने पोट बिघडतं, ओढणी का बांधलीय. हे सगळं एका डोक्यात, आणि त्या डोक्याला शनिवार-रविवार नाही. बायको त्या दिवशी ऑफिसात असूनही घराच्या ऑन-कॉलवर होती. मी घरात असून नव्हतो. सुट्टी म्हणजे काम नसणं नव्हे. ज्याला काही लक्षात ठेवावं लागत नाही, तो खरा सुट्टीवर.

सरकारी आकडे बघा. २०१९च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाची सरासरी २९९ मिनिटं निघाली, पुरुषांची ९७. २०२४च्या सर्वेक्षणात १५ ते ५९ वयोगटातल्या ४१ टक्के बायका घरातल्यांची काळजी घेण्याच्या कामात होत्या, पुरुष २१.४ टक्के. आणि जे हे काम करतात त्यांच्यातही बायका १४० मिनिटं, पुरुष ७४. हे झालं हातांनी केलेलं काम. लाल दोरा लक्षात ठेवण्याची मिनिटं कुठल्या रकान्यात भरणार?

मुळात आपली रविवारची सुट्टी आकाशातून पडलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन काढली, आणि अनेक वर्षांच्या खटपटीनंतर १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी साप्ताहिक सुट्टी मान्य केली. त्या वर्षीच्या कामगारांच्या मोठ्या सभेत दोन गिरणी कामगार बायकाही बोलल्या होत्या. त्यांनाही रविवार मिळाला. पण गिरणीतून सुटलेल्या त्या बायकांना घरच्या चुलीपासून रविवार कोण देणार होतं? सव्वाशेहून जास्त वर्षं झाली, चुलीच्या जागी इंडक्शन आलं, प्रश्न तोच आहे.

आता काही मित्र म्हणतील, "बायकांनाच सोडवत नाही रे. आपण केलं की पुन्हा त्या स्वतः करतात." थोडं खरं आहे. पण कालपर्यंत प्रॉडक्शनला हात न लावलेल्या माणसाला तुम्ही एका दिवसात अ‍ॅडमिनचा पासवर्ड द्याल का? आधी नॉलेज ट्रान्स्फर लागतं, आणि ते पीपीटी बघून होत नाही. रात्री दोनला सिस्टिम एकट्याच्या गळ्यात पडली की होतं. आयांचं ते पहिल्याच महिन्यात होतं. बापांचं होऊच दिलं जात नाही. २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती होऊन आईची पगारी रजा २६ आठवडे झाली, उत्तमच झालं. पण खासगी नोकरीतल्या बापासाठी त्यात एक दिवसही नव्हता. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय करा, असंही त्यात होतं, आणि तिथे दिवसातून चार वेळा जाऊ द्यायचं, ते बाईला. म्हणजे मूल कुणाचं, हे कायद्यानेही ठरवूनच टाकलेलं! माझ्या वेळी मी आठवडाभर रजा काढली होती. त्यातले निम्मे दिवस हॉस्पिटलच्या बिलांमध्ये आणि पेढे वाटण्यात गेले. सहा महिन्यांनी बायको एक्स्पर्ट होती आणि मी कायमचा ट्रेनी.

म्हणून माझं सरळ म्हणणं आहे. बापांना भरपूर पगारी रजा हवी, आणि ती आईच्या रजेनंतर, एकट्याने घ्यायची हवी. कायदा होईल तेव्हा होईल. तोवर घरातली सुट्टी तरी वाटून घेता येते. आम्ही शनिवार पाळीने लावलेत. ज्याची सुट्टी त्याने घराबाहेर पडायचं, आणि दुसऱ्याने त्याला फोन करायचा नाही. घरातल्याने स्वतः शोधायचं, स्वतः चुकायचं. पहिल्या शनिवारी बायकोने बाहेरून चार वेळा फोन केला. मागच्या वेळी एकदाच.

आणि मलाही चार गोष्टी कळायला लागल्यात. पोह्यात हळद. सुट्टीच्या दिवशी इस्त्री नाही. ओढणी मी स्वतः परत बांधली, तिच्यापेक्षा घट्ट. मुलं आरडाओरडा करत असतील तर खुशाल बसावं, आवाज थांबला की उठावं.

आज माझी पाळी आहे. बायको सकाळीच मैत्रिणींबरोबर सिंहगडावर गेली. मुलं हॉलमध्ये ठोकळ्यांवरून भांडतायत, म्हणून एवढं लिहून झालं. आणखी दोन मुद्दे होते, पण गेली दोन मिनिटं हॉलमधून काहीच ऐकू येत नाहीये.

उठतो.