बटन दाबलं की झालं?

चवथीच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. मूळ घरी सगळे जमलो होतो. आरती झाली, पुरुषांची जेवणं झाली, मंडळी सोप्यावर येऊन सुपारी कातरत बसली. जुन्या काळच्या गोष्टी निघाल्या आणि आमच्या एका वयस्कर नातेवाइकांनी नेहमीचं वाक्य टाकलं, "हालींच्या बायलांक काम तरी कितें? बटन दामलें काय जालें!" सगळे हसले. मीही हसलो. त्याच वेळी आत पाच बायका उष्टी काढत होत्या, आणि त्यांतली एक चार वाजताच्या चहाचं आधण ठेवत होती. पाचांपैकी एकीचंही जेवण व्हायचं होतं.

ते हसणं मला पचलं नाही. म्हणून हा लेख.

पहिल्यांदा कबूल करायचं ते कबूल करतो. आमच्या आजीचं काम आजच्या कुठल्याही बाईपेक्षा अंगमोडं होतं. विहिरीचं पाणी कळशीनं ओढायचं. भात उकडायचं, वाळवायचं, वायनात घालून मुसळानं कांडायचं, सुपानं पाखडायचं, आणि मग कुठे चुलीवर पेज चढायची. हुमणाचं वाटण रगड्यावर. अंगण शेणानं सारवायचं. पावसाळ्याच्या आधी पुरुमेताची घाई: सोलं, पापड, मीठ, मिरची, सुकी मासळी, सगळं चार महिन्यांचं भरून ठेवायचं. वर दर दोन वर्षांनी एक बाळंतपण. डोळ्यांत धूर आणि छातीत खोकला. ते दिवस परत यावेत असं म्हणणाऱ्यानं आधी आठ दिवस ओली लाकडं फुंकून दाखवावीत. गॅस, नळ, गिरणी, मिक्सर यांनी बायकांचे हाल कमी केले, यात वाद नाही.

पण माझा प्रश्न वेगळा आहे. आजी हे सगळं एकटी करत होती का?

नव्हती. लाकडं फोडायची ती पुरुषांनी. नारळ पाडायचे, सोलायचे ते पुरुषांनी किंवा पाडेल्यानं. पाणी भरायला मुली, गुरं न्यायला मुलगे, धाकट्याला कडेवर घ्यायला थोरली. एका चुलीभोवती सासू, दोन जावा, एखादी विधवा आत्या. आणि ज्यांना आपण "मोठी घरं" म्हणतो तिथे कांडण-दळण करायला मुंडकारांच्या बायका यायच्या, कधी पसाभर तांदळावर, कधी फुकट. तेव्हा "आमच्या आजीनं एकटीनं वीस माणसांचं घर ओढलं" असं अभिमानानं सांगणाऱ्या घरांनी जरा आठवून पाहावं. त्या ओढण्यात किती बिननावाचे हात होते? आणि त्या बिननावाच्या बायकांच्या स्वतःच्या घरचं काम कोण करत होतं? त्याच, रात्री परत गेल्यावर.

आता शंभर वर्षांत काय झालं ते बघा. १९६१ साली गोवा मुक्त झाला. गावोगाव शाळा निघाल्या, मुलं पाटी घेऊन शाळेत गेली. १९६४ चा कूळ कायदा आला, १९७५ चा मुंडकार कायदा आला, भाटकाराच्या घरची वेठ सुटली. एकत्र कुटुंबं फुटली, भाऊ पणजी, वास्को, मुंबईला गेले. यातलं बहुतेक चांगलंच झालं. मुलानं शिकावं, मुंडकारानं मान वर करून जगावं, यासाठीच तर सगळा खटाटोप होता. पण प्रत्येक वेळी घरकामातले काही हात कमी झाले, आणि त्यांच्या वाटणीचं काम कुणाकडे गेलं? जी घरात उरली तिच्याकडे.

यंत्रांचंही तेच. गॅस आला तेव्हा सुटका दोघांची झाली. बाईची धुरापासून, पुरुषाची कुऱ्हाडीपासून. फरक एवढाच, की कुऱ्हाड सुटल्यावर पुरुषाच्या हातात घरातलं दुसरं काही आलं नाही, वर्तमानपत्र आलं. बाईची चूल मात्र गॅसवर आली तरी तिचीच राहिली. अमेरिकेतल्या रूथ श्वार्ट्झ कोवान या इतिहासकार बाईंनी १९८३ साली तिथल्या घरकामावर पुस्तक लिहिलं, त्यात त्यांनी हेच दाखवलं आहे. यंत्रांनी आधी पुरुषांचं आणि मुलांचं काम उचललं, आईचं नाही. त्यांनी ते अमेरिकेबद्दल लिहिलं. आमच्या अंत्रुजात उभं राहून पाहिलं तरी चित्र फारसं निराळं दिसत नाही.

आणि यंत्राबरोबर अपेक्षा वाढल्या, हे तर कुणी मोजतच नाही. पूर्वी माणशी दोन-तीन जोड कपडे, जड धुणं मडवळाकडे. आता शाळेचा गणवेश वेगळा, ट्यूशनचा कपडा वेगळा, जिमचा वेगळा. मशीन धुतं, मान्य. पण मळलेले कपडे खोल्याखोल्यांतून गोळा करणं, खिसे तपासणं, आषाढात सुकत नाहीत म्हणून पंख्याखाली पसरणं, घड्या घालून ज्याच्या त्याच्या कपाटात ठेवणं, याचं बटन कुठल्या मशीनवर आहे? पूर्वी सकाळी सगळ्यांना पेज आणि लोणचं. आता एकाला पोहे, एकाला ओट्स, एकाला डब्यात सँडविच, आणि सासऱ्यांना पेजच. मिक्सर आला म्हणून वाटण मिनिटात होतं, आणि मिनिटात होतं म्हणून रोज तीन तऱ्हांचं लागतं.

पूर्वी नुस्तेंवाली दारात यायची, भाजीवाली दारात यायची. पदेर अजून येतो, देव त्याचं भलं करो. बाकी सगळ्यासाठी आई स्कूटरला किक मारून निघते. मुलाला शाळेत सोड, तिथून ट्यूशनला, येताना बाजार, सासूबाईंची औषधं, गॅसचं बुकिंग. रात्री मुलाचा प्रोजेक्ट. आजीला एकही प्रोजेक्ट करावा लागला नव्हता.

कुणी म्हणेल, हे सगळं तुमच्या मनाचं. तर सरकारचे आकडे घ्या. केंद्र सरकारनं २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरच्या बिनपगारी कामात दिवसभरात हात घालणाऱ्या बायका शंभरात ८१ आणि पुरुष शंभरात २६ निघाले. जे हात घालतात त्यांच्यातही बाईचा वेळ २९९ मिनिटं, पुरुषाचा ९७. पुन्हा २०२४ मध्ये पाहणी झाली. बाईची मिनिटं २८९ झाली. दहा मिनिटं वाचली, बरं वाटलं. मग पुरुषाचा आकडा पाहिला. तो ८८! म्हणजे बाईची दहा मिनिटं कमी झाली तशी पुरुषाचीही नऊ कमी झाली. यंत्रांचा फायदा घ्यायला आपण कसे तत्पर, बघा.

"पण पुरुष बाहेर कमावतो ना?" हो. आज बाईही कमावते, आणि संध्याकाळी कदंब बसमधून उतरून ती पहिली पायरी चढते ती स्वयंपाकघराची. "आमच्याकडे कामाला बाई आहे." असेल. तीही कुणाची तरी आई आहे. तुमची भांडी घासून ती तिच्या घरची भांडी घासायला जाते. मुंडकाराच्या बायकोची गोष्ट संपली असं आपल्याला उगाच वाटतं.

आम्ही गोमंतकीय आणखी एक गोष्ट छाती फुगवून सांगतो. आमच्याकडे समान नागरी कायदा, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता निम्मी निम्मी. खरंच अभिमानाची गोष्ट आहे. पोर्तुगीज गेले तरी हा कायदा आपण सोडला नाही. पण घर निम्मं तिचं, तर त्या घरातली भांडी निम्मी कुणाची? अर्धी जमीन नावावर चढते आणि लादी पुसायची वेळ आली की ती पूर्ण तिची होते, हा कुठला हिशेब?

हिशेब करतात तो बाई गेल्यावर. अपघातात गृहिणी मरण पावली की नुकसानभरपाईसाठी तिच्या कामाची किंमत काढावी लागते. अशाच एका खटल्यात २०१० साली सर्वोच्च न्यायालयानं २००१ च्या जनगणनेला फटकारलं होतं, कारण तिनं गृहिणींना भिकारी आणि कैदी यांच्याच रांगेत बसवलं होतं. पुढे २०२१ मध्येही न्यायालयानं तिच्या श्रमाचं मोल धरलंच पाहिजे असं सांगितलं. जिवंतपणी काय मिळतं? आपल्या राज्यात २०१२ पासून गृह आधार आहे, ठराविक उत्पन्नाच्या आतल्या घरांतल्या बाईला महिना १५०० रुपये. योजना महागाईला हातभार म्हणून आहे, पगार म्हणून नाही, आणि अनेक घरांना तिचा खरोखर आधार आहे. पण गंमत म्हणून २८९ मिनिटांनी भागून पाहा. तासाला दहा रुपये आणि वर काही पैसे.

पैशानं हा प्रश्न सुटेल असं मला वाटत नाही. तो एका शब्दात अडकला आहे. तो शब्द म्हणजे "मदत". "मी बायकोला घरात मदत करतो" असं आम्ही कौतुकानं सांगतो. मदत दुसऱ्याच्या कामात करतात. आपल्या कामात माणूस मदत करत नाही, काम करतो. जेवण सगळ्यांना लागतं, तर रांधणं एकटीचं का? भाजी चिरून द्यायची आणि "मीठ कुठे आहे गो?" म्हणून चार हाका मारायच्या, हे काम नव्हे. दोन वेळांपैकी एक जेवण पूर्ण आपलं. काय करायचं ते ठरवणं, सामान आहे की नाही ते बघणं, करणं, वाढणं, ओटा पुसणं, आणि उद्याचे सांदण भिजवायचे लक्षात ठेवणं. ते लक्षात ठेवणं हेच सगळ्यात मोठं काम आहे, आणि त्याचं यंत्र अजून निघालेलं नाही.

मी स्वतः साठी उलटल्यावर हे शिकतोय, म्हणून शहाणपणा सांगायचा मला फार अधिकार नाही. माझी आई जाईपर्यंत मी तिच्यासाठी एकदाही पेज शिजवली नाही. ती मागायची नाही, मला सुचायचं नाही. आता सुचतं, पण वाढणार कुणाला?

तेव्हा पुढच्या चवथीला सोप्यावर बसून कुणी ते वाक्य टाकलं, तर निदान हसू नका. सुपारी खाली ठेवा, उठा, आणि आत जाऊन विचारा, "तुम्ही जेवलात?" नाही म्हणाल्या, तर त्यांना पाटावर बसवा आणि पानं तुम्ही वाढा.