कशासारखा दिसतो हा दगड?

मराठी वाचक-लेखकांच्या वर्तुळात ‘आम्ही कंपनीच्या सहलीबरोबर गेलो होतो’ हे वाक्य जरा खाली मान घालूनच उच्चारावे लागते. प्रवासी वेगळा आणि पर्यटक वेगळा, अशी एक वर्णव्यवस्थाच आपण प्रवासवर्णनांच्या आधारे उभी केली आहे. एकटा हिंडतो, वाट चुकतो, अनोळखी घरी चहा पितो, तो प्रवासी. गळ्यात ओळखपत्र अडकवून झेंड्यामागे चालतो, तो पर्यटक. मी अलीकडेच या दुसऱ्या वर्णात सामील होऊन व्हिएतनामच्या ईशान्य किनाऱ्यावर, हा लाँगच्या उपसागरात, सहा तासांची जलसफर करून आलो. एक गुहा, चाळीस मिनिटे कयाक, एक बेट, मध्ये जेवण. सोबत मार्गदर्शक. या सफरीविषयी माझी एक तक्रार आहे. परंतु ती नेहमीची तक्रार नव्हे, हे आधीच सांगितलेले बरे.

नेहमीची तक्रार अशी, की अशा सफरीत घाई असते, गर्दी असते, आणि जे दिसते ते आधीच ठरवून दिलेले असते. हे सारे खरे आहे. पण त्याला पर्याय काय? दीड हजार चौरस किलोमीटरहून मोठा हा जलपट्टा, त्यात चुनखडीची १,९६९ बेटे, परवाना असलेल्या बोटी आणि त्यांचे आखून दिलेले मार्ग. १९ जुलै २०२५ रोजी अचानक उठलेल्या वादळात याच पाण्यात पर्यटकांची एक बोट उलटली आणि पस्तीसहून अधिक माणसे गेली. तेव्हा तिथे ‘एकट्याने वाट चुकण्या’चे कौतुक कोणी मला सांगू नये. हनोईहून बसने अडीच तासांत तुआन चाऊच्या धक्क्यावर पोचणारी माझ्या आईच्या वयाची बाई गुडघ्याला पट्टा बांधून हा समुद्र पाहू शकते, ती केवळ या व्यवस्थेमुळे. ज्यांना ही व्यवस्था हलकी वाटते त्यांचे गुडघे बहुधा शाबूत असावेत.

मार्गदर्शक पंचविशीतला, हसतमुख. ‘नमस्ते’, ‘शाकाहारी’ आणि ‘चलो चलो’ एवढे शब्द त्याने कमावले होते. बोट सुटताच त्याने ड्रॅगनची कथा सांगितली. शत्रूची जहाजे अडवण्यासाठी स्वर्गातून ड्रॅगन उतरला, त्याने मुखातून रत्ने टाकली, त्यांची ही बेटे झाली. हा लाँग म्हणजे उतरणारा ड्रॅगन. भूशास्त्राला एकच वाक्य आले: पूर्वी इथे डोंगर आणि दऱ्या होत्या, हिमयुग सरल्यावर समुद्र चढला, दऱ्या बुडाल्या आणि शिखरे राहिली. बेटांची संख्या सांगून तो म्हणाला, १९६९ हेच हो चि मिन्ह यांच्या निधनाचे वर्ष, म्हणजे लक्षात ठेवायला सोपे. मग उपमा सुरू झाल्या. हा कोंबडा, ही कोंबडी. हे धुपाटणे, आणि त्याने खिशातून दोन लाख डाँगची नोट काढून तिच्यावरचे चित्र आणि समोरचा खडक एका रेषेत धरून दाखवले. पस्तीस फोन एकदम वर झाले. नोट माझ्याकडेही होती. मीही धरली.

सुंग सोतच्या गुहेत हा उपमांचा उद्योग कळसाला पोचतो. १९०१च्या सुमारास फ्रेंचांनी या गुहेला ‘विस्मयाची गुहा’ असे नाव दिले. सुंग सोतचा अर्थही तोच. अरुंद दारातून आत गेल्यावर पहिले दालन लागते, आणि त्यानंतरच्या प्रचंड दालनात छत इतके वर जाते की माणसांचे बोलणे आपोआप हळू होते. चुन्याच्या पाण्याने हजारो वर्षे थेंबाथेंबाने लोंबवलेले आणि उभारलेले ते स्तंभ रंगीत दिव्यांत न्हाऊन निघालेले असतात. हिरवा आणि जांभळा प्रकाश मला गणपतीच्या मांडवासारखा वाटला; हीसुद्धा उपमाच, हे मान्य. मार्गदर्शक हिरव्या किरणाची बॅटरी फिरवत होता. तो हत्ती, तो बुद्ध, आणि हा संत जियाँगचा घोडा आणि ही तलवार: तीन वर्षांचे मूल एकाएकी महाकाय होऊन परचक्राशी लढले, त्याची ही खूण. एका उभ्या खडकावर किरण नेऊन तो फक्त हसला, आणि पुरुषमंडळींना न सांगता समजले.

इथे आमच्यासारख्यांनी नाक मुरडावे, अशी अपेक्षा असते. मला ते प्रामाणिकपणाचे वाटत नाही. दगड कशासारखा तरी झाल्याशिवाय आपल्याला दिसत नाही, ही खोड मार्गदर्शकाची नव्हे, आपली आहे. साहित्याचा निम्मा व्यवहार तिच्यावरच चालतो. माझा आक्षेप उपमांना नाही. माझा आक्षेप असा आहे, की सहा तासांच्या या प्रवासात प्रत्येक दगडाला नाव मिळाले, पण माणसे कुठे आहेत हे कोणी सांगितले नाही. आणि कोणी विचारलेही नाही.

आमच्या गटातले एक निवृत्त काका जेवणाच्या वेळी मार्गदर्शकाला म्हणाले, ‘यू नो शिवाजी महाराज?’ त्याने पडेल तसे हसून मान हलवली. मग काकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर सर्वांनीच कधी ना कधी वाचलेली गोष्ट त्याला ऐकवली: व्हिएतनामने अमेरिकेला हरवले ते शिवरायांचा गनिमी कावा अभ्यासून, आणि तसे त्यांच्या एका थोर नेत्याने स्वतःच कबूल केले आहे. या कथेला विश्वसनीय असा कोणताही आधार मला आजवर मिळालेला नाही. मार्गदर्शक म्हणाला, ‘यस, यस, व्हेरी ग्रेट किंग.’ टेबलावर टाळ्या पडल्या. मी गप्प राहिलो. काका वयाने मोठे होते आणि कोळंबी गरम होती.

आता गंमत पाहा. आम्ही जिथे जेवत होतो, तिथून जवळच बाख डांग नदीचे मुख आहे. तिथे १२८८ साली त्रान हुंग डाओ या सेनापतीने नदीच्या तळात टोकदार लाकडी खुंट रोवून ठेवले, भरतीच्या वेळी मंगोल आरमाराला आत ओढले आणि ओहोटी लागताच ती जहाजे खुंटांत अडकवून मोडून काढली. शिवरायांच्या जन्माआधी ३४२ वर्षे! याच उपसागरातल्या एका गुहेचे नाव डाउ गो, म्हणजे लाकडाची टोके. ते खुंट तिथे दडवले होते अशी आख्यायिका आहे. आणि अमेरिकेचेच म्हणाल, तर ५ ऑगस्ट १९६४ रोजी होन गाईवर हल्ला करायला आलेले एक विमान इथेच पडले आणि त्याचा वैमानिक, एव्हरेट अल्वारेझ, पकडला गेला. तो आठ वर्षांहून अधिक काळ कैदेत राहिला. भरती-ओहोटी मोजणाऱ्या माणसांचा एवढा मोठा इतिहास त्या पोराच्या पाठीशी होता. आणि त्याला आम्ही आमचाच इतिहास ऐकवून त्यावर त्याची सही घेतली. शिवरायांचा गौरव याने वाढला असे मला वाटत नाही. वाढले ते फक्त टिपचे पैसे.

ती तॉपच्या बेटावर चारशेहून अधिक पायऱ्या चढल्या की ती प्रसिद्ध छायाचित्रे जिथून काढतात तो माथा येतो. बेटाचे नाव गेर्मान तितोव्ह या सोव्हिएत अंतराळवीराचे. हो चि मिन्ह १९६२च्या जानेवारीत त्याला इथे घेऊन आले आणि बेटाला त्याचे नाव दिले. खाली त्याचा पुतळा आहे. तितोव्ह हा ऑगस्ट १९६१ मध्ये पृथ्वीभोवती सतरा फेऱ्या मारणारा माणूस, अंतराळात मळमळ झालेला पहिला माणूस, आणि स्वतःच्या हाताने तिथून पृथ्वीची छायाचित्रे काढणारादेखील पहिलाच. बोट लागणाऱ्या फोटोबहाद्दरांचा याहून योग्य कुलदैवत कोणता? तसे पाहिले तर त्याचीही ती मार्गदर्शित सफरच होती.

राहिली कयाक. लुओनच्या गुहेजवळ तराफ्यावर विचारतात: कयाक, की बांबूची होडी? होडी वल्हवायला स्थानिक माणूस मिळतो. कयाक आपली आपण. मी आणि पत्नीने कयाक घेतली. दोघांच्या कयाकमध्ये पहिली पाच मिनिटे संसाराचे सर्व प्रश्न उपस्थित होतात: कोण कोणत्या बाजूने, आधी कोण, आणि चूक कोणाची. मग लय सापडते. डोंगराच्या पोटातून जाणारा तो ठेंगणा बोगदा, त्याचे छत डोक्यावरून सरकत जाते, वल्ह्याचा आवाज घुमतो, आणि पलीकडे एकदम हिरव्या पाण्याचे गोल तळे उघडते. चारी बाजूंना सरळ कडे, त्यांत उगवलेली झाडे, कड्यावर केळ्यांची वाट पाहणारी माकडे. मार्गदर्शक मागे तराफ्यावर राहिला होता. तिथे कोणत्याच दगडाला नाव नव्हते. सहा तासांतली ती सर्वांत सुंदर वीस मिनिटे, हे मी नाकारणार नाही.

त्या तळ्यात आमच्या बाजूने एक बांबूची होडी गेली. वल्हवणारी बाई पन्नाशीची, शंकूच्या आकाराची टोपी, तोंडाला कापड. आम्ही धडपडत होतो आणि ती जणू पाण्याला काही कळू न देता पुढे सरकत होती. हे शिकून येत नाही, हे पाहताच कळते. परत तराफ्यावर आल्यावर मी मार्गदर्शकाला विचारले, या बायका कुठे राहतात? तो म्हणाला, ‘आधी पाण्यावर. आता जमिनीवर.’ आणि तो लाइफ जॅकेट मोजू लागला.

त्याचे उत्तर पुरेसे अचूक होते. कुआ वान, वुंग वियेंग अशी कोळ्यांची तरंगती गावे या उपसागरात होती. घरे, शाळा, मत्स्यशेतीचे पिंजरे, राखणीची कुत्री, सारे पाण्यावर. २०१४ साली प्रांताच्या प्रशासनाने तीनशेहून अधिक कुटुंबांना किनाऱ्यावर हा फाँग येथे बांधलेल्या वसाहतीत हलवले. कारणे दिली गेली: वादळे, मुलांचे शिक्षण, पाण्याचे प्रदूषण. ती खोटी नाहीत. सप्टेंबर २०२४ मधल्या यागी वादळाने या किनाऱ्यावर जे केले, ते पाहता तरंगत्या घराचे काव्य करणे हा किनाऱ्यावर झोपणाऱ्यांचा चैनीचा छंद आहे. पण घर मिळाले म्हणजे धंदा मिळाला असे होत नाही. जाळे टाकण्याची जागा पाण्यात आणि झोपायची जागा इमारतीत, अशी फाळणी झाली की माणूस सकाळी उठून कुठे जातो? काही जण जुन्या जागी परत येतात, पर्यटकांची होडी वल्हवायला. कालचे घर हे आजचे कामाचे ठिकाण. आणि आम्ही त्या रिकाम्या पाण्याचे छायाचित्र काढून खाली लिहितो: ‘अस्पर्श निसर्ग’.

याबद्दल मी व्हिएतनामला बोल लावत नाही, कारण आमच्या घरी काय चालते ते मला ठाऊक आहे. मुंबईत गेटवेवरून लाँच पकडून घारापुरीला मी किती वेळा गेलो असेन! तीही दिवसाची सफर, तिथेही बेट आणि गुहा, आणि तिथेही एका दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी अख्ख्या बेटाला दिलेले नाव. त्रिमूर्तीवर मी तावातावाने बोलू शकतो. पण त्या बेटावर राजबंदर, मोरबंदर, शेतबंदर ही तीन गावे आहेत आणि महानगराच्या उजेडासमोर बसलेल्या त्या गावांत समुद्राखालच्या तारेने कायमची वीज पोचायला २०१८चा फेब्रुवारी उजाडावा लागला, हे मला कधी कळले? वर्तमानपत्रात वाचून. लाँचमधून उतरून पायऱ्यांपर्यंत मी ज्या बायकांकडून काकडी आणि कैऱ्या घेत असे, त्यांना रात्री दिवा लागतो का, हे मी विचारले नव्हते. तिथे तर भाषेचीही अडचण नव्हती.

म्हणून प्रवासी श्रेष्ठ की पर्यटक, हा वाद मला पोकळ वाटतो. एकट्याने फिरणाराही न विचारता परत येऊ शकतो, आणि झेंड्यामागे चालणाऱ्याचे तोंड कोणी शिवलेले नसते. मार्गदर्शक आपल्याला जे विकतो ते आपण मागतो म्हणून. त्याच्याजवळ दुसरीही गोष्ट होती. तिची किंमत आम्ही कधी विचारली नाही, म्हणून ती त्याने दुकानात मांडली नाही.

परतीच्या वाटेवर ऊन कलले होते. बोटी सगळ्या पांढऱ्या. २०१२ मध्ये तसा हुकूमच निघाला होता, त्याआधी त्या लाकडाच्या तपकिरी रंगाच्या असत. चहा आला, मग मार्गदर्शकाने एकेक छापील कागद वाटला. जेवण, स्वच्छता, कयाक, मार्गदर्शकाचे इंग्रजी: प्रत्येकापुढे पाच तारे. मी सगळीकडे पाच दिले. त्याची नोकरी त्यावर असते, असे काकांनी सांगितले होते. शेवटी प्रश्न होता, ‘आपणास आणखी काही सांगायचे आहे काय?’ आणि खाली दोन रेघा. मी बराच वेळ पेन धरून बसलो. तो समोर उभा राहून हसत होता, धक्का जवळ येत होता. मी लिहिले, शाकाहारी जेवण उत्तम होते.